ईद, अनंत चतुर्दशी आणि अधिक महिना

सप्टेंबर २०२३. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. ‘यांना नेमका आपल्या विसर्जनाचाच दिवस सापडतो का?’ खाली आठ-दहा अंगठे. नंदुरबारला माझ्या बाकावर बसणारा एक मुस्लिम मित्रही त्याच ग्रुपमध्ये आहे. तो काहीच बोलला नाही. त्याचं ते गप्प राहणं मला लागलं. म्हटलं, या शनिवारी हेच बघूया.

ईद-ए-मिलाद म्हणजे पैगंबर मुहम्मदांचा जन्मदिवस. जन्म मक्केत, इ.स. ५७० च्या सुमारास. परंपरेनं तारीख रबी-उल-अव्वल महिन्याची १२. ६३२ मध्ये मदिनेत त्यांचं निधनही याच तारखेला झालं असं मानतात. म्हणून जुनी माणसं या दिवसाला ‘बारावफात’ म्हणतात. वफात म्हणजे मृत्यू. शिया लोक जन्मदिवस १७ तारखेला मानतात, आणि काही मुस्लिमांना तो साजरा करणंच मान्य नाही. बाकी ठिकाणी जुलूस, हिरवे झेंडे, सरबत, पैगंबरांच्या चरित्रावरची प्रवचनं. आपल्याकडे या दिवसाची सुट्टी व्ही. पी. सिंगांनी १९९० मध्ये लाल किल्ल्यावरून जाहीर केली.

आता गणित. (पळू नका, सोपं आहे!)

चंद्राचे बारा महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ चं. दरवर्षी ११ दिवसांचा फरक. आपल्या पंचांगानं यावर पॅच काढला: साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना. इस्लामपूर्व अरबही महिने मागेपुढे करायचे, पण कुराणानं ती प्रथा बंद केली. त्यामुळे हिजरी सण ऋतूंमधून फिरत राहतात.

पण महिने दोघांचेही चंद्राचेच. आपला महिना अमावस्या संपताच सुरू होतो, हिजरी महिना कोर दिसल्यावर, म्हणजे एक-दोन दिवस उशिरा. म्हणून हिजरी १२ तारीख जवळपास आपल्या शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीला पडते. रबी-उल-अव्वल भाद्रपदात आला, की ईद अनंत चतुर्दशीला येऊन भिडणारच. १९९१-९२ मध्ये असंच झालं होतं. २०२२ मध्ये दोन सणांत महिन्याचं अंतर होतं. २०२३ ला अधिक श्रावण आला, गणपती पुढे सरकले आणि दोन्ही सण २८ सप्टेंबरला एकत्र आले. २०२४ आणि २०२५ मध्ये एकेका दिवसाचं अंतर. २०२६ चा अधिक ज्येष्ठ ही गाठ सोडवतो. म्हणजे गाठ बांधली अधिक महिन्यानं आणि सोडवलीही त्यानंच. मध्ये कुणाचा कट नाही.

पण गणित पटलं म्हणून रस्ता रुंद होत नाही. आमच्याकडे विसर्जनाच्या दिवशी दादा गणपती आणि बाबा गणपतींची हरिहर भेट होते. त्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. आईनं फोनवर सांगितलं, ‘या वर्षी येऊ नको रे.’ तिची भीती खोटी नव्हती.

ती भीती हलकी केली ती माणसांनी. मुंबईसह अनेक शहरांत मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला. शासनानंही ईदची सुट्टी २९ ला केली. पुढची दोन वर्षंही मुंबईत जुलूस विसर्जनानंतरच निघाला. चंद्राची तारीख हलवता येत नाही, मिरवणुकीची येते. आणि ती हलवली ती त्यांनी, ज्यांच्यावर फॉरवर्डमध्ये आरोप होता.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. अंगठे दोनच आले. असो.

रात्री मित्राचा वेगळा मेसेज आला. ‘२००८ ला ईद होळीला खेटून आली होती, आठवतंय? आमच्याकडे सरबत पिऊन तू तसाच होळीची लाकडं गोळा करायला पळालास. मलाही ओढून नेलंस.’

आठवत होतं. तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, की आजचा दिवस नक्की कुणाचा.