श्राव्यातीत प्रतिमांतील आभास

(प्रसूतिविज्ञान व स्त्रीरोगविज्ञान). मानवी कानास ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनितरंगांनी मिळविलेल्या प्रतिमेत प्रत्यक्ष शरीररचनेशी न जुळणाऱ्या ज्या खुणा उमटतात, त्यांना आभास म्हणतात. तरंग सरळ रेषेत जातात, एकदाच परावर्तित होतात व मऊ ऊतकांत त्यांचा वेग सेकंदास सु. १,५४० मी. असतो, असे यंत्रात गृहीत धरलेले असते. यांपैकी एखादे गृहीत चुकले की आभास निर्माण होतो. आभास ओळखण्याचा इतिहास हा सोनोग्राफीच्या वाढीचाच एक भाग आहे.

ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिविज्ञानाचे प्राध्यापक ईअन डॉनल्ड यांनी २१ जुलै १९५५ रोजी रेनफ्रू येथील बाष्पित्रांच्या कारखान्यात, धातूंतील दोष शोधण्याच्या उपकरणाने, शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी तपासल्या. द्रवाने भरलेल्या व घन गाठींचे प्रतिध्वनी भिन्न असतात, असे त्यांना आढळले. पुढे जठराचा असाध्य कर्करोग समजल्या गेलेल्या एका स्त्रीच्या उदरात या पद्धतीने द्रवार्बुद असावे असे दिसले. शस्त्रक्रियेत अंडकोशाचे प्रचंड द्रवार्बुद निघाले. डॉनल्ड, जॉन मॅकव्हिकर व अभियंते टॉम ब्राउन यांचा निबंध ७ जून १९५८ रोजी द लॅन्सेट  या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

वायू हा या पद्धतीचा मुख्य अडथळा होय. त्यावरून तरंग जवळजवळ पूर्णपणे परावर्तित होतात. म्हणून त्वचेवर तेल लावीत. आतड्यांतील वायूमुळे मात्र गर्भाशय झाकला जाई. मूत्राशय भरलेला असल्यास आतडी बाजूस सरतात व आरंभीचा गर्भही दिसतो, हे १९६३ च्या सुमारास डॉनल्ड यांच्या लक्षात आले. तथापि भरलेल्या मूत्राशयाच्या पुढील भागातही पुनःपुन्हा होणाऱ्या परावर्तनाने खोट्या रेषा उमटतात.

अस्थीमागे छाया पडते. त्यामुळे गर्भाच्या कवटीआडचा भाग दिसत नाही व तेथे व्यंग असल्याचा वा नसल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. द्रवात तरंगांची शक्ती फारशी क्षीण होत नाही, म्हणून द्रवार्बुदामागील भाग अधिक उजळ दिसतो. हा आभास निदानास उपकारकच ठरतो. उदराच्या मध्यरेषेलगतच्या स्नायूंत तरंगांचे प्रणमन (वक्रीभवन) झाल्यास आडव्या छेदात एकच गर्भकोश दुहेरी दिसतो व जुळ्यांचा भास होतो.

आरंभीच्या यंत्रांत प्रतिमा हळूहळू जुळवावी लागे. तत्काल प्रतिमा देणारी यंत्रे प्रचारात आल्यावर शोधक तिरपा करून वा बाजूस सरकवून शंकास्पद खूण टिकते की नाहीशी होते, हे लगेच पाहता येऊ लागले. खरी रचना परस्परांना काटकोनात असलेल्या दोन्ही छेदांत सामान्यतः दिसते, आभास बहुधा एकातच दिसतो. म्हणूनच केवळ एका प्रतिमेवरून गर्भाच्या व्यंगाचे अथवा मृत्यूचे निदान करणे धोक्याचे असते.