विटेच्या घराला फिकट राखाडी

दिवाळीपासून आमच्या घरात एकच वाद चालू आहे. सांगलीचं आमचं घर विटेचं. आजेसासऱ्यांनी चुन्यात बांधलेलं, बाहेरून गिलावा नाही, खाली काळ्या दगडाचं जोतं. मुलाला ते फिकट राखाडी रंगवायचंय. मोबाईलवर त्याने पंधरा-वीस फोटो दाखवले. राखाडी भिंती, पांढऱ्या खिडक्या, काळं दार. दिसतात छान, खोटं कशाला बोलू?

सासूबाई मात्र ऐकायला तयार नाहीत. "अरे बाळा, वीट दिसू दे की. राख फासल्यागत घर कशाला करतोस?"

"आज्जी, सगळीकडे हाच रंग चाललाय आता."

मी दोघांच्या मध्ये. शेवटी हा राखाडी रंग घरांवर आला तरी कुठून, हेच शोधायला बसले. वाटलं होतं पाच-दहा वर्षांची फॅशन असेल. निघाली पावणेदोनशे वर्षांहून जुनी.

अमेरिकेत हडसन नदीकाठी न्यूबर्ग नावाचं गाव आहे. तिथे अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग नावाचे गृहस्थ होते. घरची रोपवाटिका, त्यामुळे नजर झाडापानांवर बसलेली. त्या काळी तिकडच्या खेड्यांत घरं पांढरीशुभ्र रंगवत आणि खिडक्यांना हिरव्या झडपा लावत. डाउनिंगना तो पांढरा रंग डोळ्यांना खुपायचा. हिरव्या झाडीत एवढं लखलखीत काही नको, घराचा रंग दगड, माती, झाडाची साल यांच्या जवळचा हवा, असं त्यांचं म्हणणं. 1842 साली 'कॉटेज रेसिडेन्सेस' हे त्यांचं पुस्तक आलं, त्यात त्यांनी रंगांचे नमुनेच छापले. तीन छटा राखाडीच्या, तीन बदामी. आज दुकानात आपण रंगाचं कार्ड मागतो ना, तसंच! पुढे 1852 मध्ये हडसनवरच्या एका आगबोटीला आग लागली, त्यात ते गेले. वय अवघं छत्तीस. पण राखाडी रंगाला त्यांनी मान मिळवून दिला तो दिलाच.

हा विचारही एकट्या डाउनिंगचा नव्हे. इंग्लंडमध्ये कवी वर्ड्सवर्थ यांनी आपल्या सरोवरांच्या मुलखावर एक मार्गदर्शिका लिहिली, तीत पांढऱ्या घरांबद्दल अशीच कुरकुर आहे. तिथे ते जोशुआ रेनॉल्ड्स या चित्रकाराचा सल्ला सांगतात. घराचा रंग ठरवायचा असेल तर तिथलाच एखादा दगड उलटा, नाहीतर गवत मुळासकट उपटा आणि मातीचा रंग बघा, तोच घराला द्या. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. कृष्णाकाठची आमची माती काळीभोर! त्या म्हणाल्या, "मग काय घर डांबरानं रंगवायचं?" बरेच दिवसांनी घरात सगळे एकदम हसले.

पण मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. तेव्हाचा राखाडी रंग बनत कशाचा असे? भिंतीसाठी स्वस्तातला उपाय म्हणजे चुना, आणि त्यात काजळी. बस्स. दिव्यावर धरून आपण काजळ करतो, तीच जात. काजळी चुन्यात टिकते, उन्हाने उडत नाही. पाण्यात मात्र सहज मिसळत नाही, वर तरंगत राहते, म्हणून आधी थोडी घोटून लगदा करावा लागतो. म्हणजे आपल्या दिवाळीच्या पांढऱ्या हाताचीच ही सावळी बहीण. आपण चुन्यात नीळ टाकायचो पांढरा खुलवायला, ते काजळी टाकत. चुना हाताला लागू नये म्हणून आपण त्यात डिंक किंवा तांदळाची पेज घालतो. डिस्टेंपरमध्ये पूर्वी सरस असे, तो जनावरांच्या कातड्या-हाडांचा. तो आमच्या घरात कधीच आला नाही. सासूबाई अजूनही रंगाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारतात.

चुन्याचा स्वभावही समजून घेण्यासारखा आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो. पाणी घातलं की ती उकळते, विरते. भिंतीवर लावली की हवेतला तोच वायू पुन्हा ओढून घेते आणि पुन्हा दगड होते. तरीही तिच्यात बारीक छिद्रं राहतात. भिंतीत शिरलेलं पाणी त्यातून वाफ होऊन बाहेर पडतं. जुने गवंडी चुना घाणीत दळून घ्यायचे, बैल गोल फिरायचा आणि दगडी चाक चरात फिरायचं. आमचं घर त्याच चुन्यातलं.

मग सिमेंट आलं. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन यांनी 1824 साली त्याचं पेटंट घेतलं आणि पोर्टलंडच्या फिकट दगडासारखं दिसतं म्हणून नाव दिलं पोर्टलंड सिमेंट. आपल्याकडे 1914 साली पोरबंदरला कारखाना सुरू झाला. तेव्हापासून आपल्या डोळ्यांना राखाडी म्हणजे सिमेंट. रंगाचं नाव एकच, पण काजळीचा चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि सिमेंट तिचं नाक दाबतं. त्यावर प्लॅस्टिकचा रंग चढला की उरलंसुरलं तोंडही बंद.

हे पुस्तकातलं सांगत नाही, आमच्या मागच्या भिंतीवर बघून सांगते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी खिडकीच्या कठड्याला लागलं होतं. ते उतरल्यावर घाईने आम्ही मागच्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या आणि वर प्लॅस्टिक रंग मारला. रंग कुठला? फिकट राखाडीच! पहिल्या वर्षी भिंत नवी कोरी. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फोड आले. फोड खरवडला तर रंगाच्या पापुद्र्याबरोबर विटेची सालही हातात आली. वीट भाजताना वर जी कडक साल तयार होते तीच तिचं चिलखत. ती गेली की आतली वीट भुसभुशीत. अजूनही रोज सकाळी त्या भिंतीशी झाडलं की सुपलीत लाल पूड निघते. कोंडलेलं पाणी वाट शोधतं, सोबत क्षार आणतं, आणि ते क्षार रंगाच्या आड साठून वीट फोडतात. लोणा म्हणतो तो हाच.

आता मुलगा म्हणतो तो रंग पुढच्या भिंतीवर चढला आणि तिचंही असंच झालं, तर पुन्हा मागे फिरता येत नाही. विटेवरचा रंग पूर्ण निघत नाही, आणि वाळूच्या फवाऱ्याने काढायला गेलं तर साल जाते. त्याला हे मी त्या भिंतीपाशी नेऊन दाखवलं. बोलला काही नाही, पण बोटाने पूड चोळत उभा राहिला.

ठरलं ते असं. पुढची दर्शनी वीट तशीच राहील, फक्त दरजा चुन्याने भरायच्या. जोत्याच्या काळ्या दगडाला हात लावायचा नाही, राखाडी तिथे आधीपासून आहेच! मागची भिंत मुलाची. तिच्यातलं सिमेंट छिन्नीने हळू उकरायचं, रंग खरवडून काढायचा (आधी मऊ केरसुणीने कोळी-मुंग्या बाजूला करून), आणि एक उन्हाळा ती नुसती वाळू द्यायची. मग चुना, दुधासारखा पातळ, भिंत ओली करून, संध्याकाळच्या सावलीत, चार-पाच हात. काजळी चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आतच, आमच्या फिकट छटेला तर चिमूटभर पुरते. किंचित गेरूही घालणार आहोत, नाहीतर पावसाळी उजेडात राखाडी निळसर आणि उदास दिसतो. खिडक्यांना पांढरा नाही, सागवानाला नुसतं तेल.

काल फुटक्या विटांवर सहा नमुने करून परसात उन्हात मांडले. ओले असताना सगळे काळपट दिसत होते, मुलाचा चेहराच पडला. दुपारपर्यंत वाळून दोन तर जवळजवळ पांढरे झाले. सासूबाई तुळशीला पाणी घालायला आल्या, वाकून बघितलं आणि चौथ्या विटेवर बोट ठेवलं. "हा बरा आहे," म्हणाल्या, आणि लगेच, "पण मागंच हं."

चुना कालवताना डोळ्यांवर चष्मा लावा बरं, उडाला तर भाजतो.