८ जानेवारी : हॅरी आणि मेगन यांची राजघराण्याच्या कामातून माघार (२०२०)

ब्रिटनचे राजपुत्र हॅरी आणि त्यांच्या पत्नी मेगन यांनी ८ जानेवारी २०२० रोजी इन्स्टाग्रामवरून राजघराण्यातील ज्येष्ठ सदस्यांच्या जबाबदाऱ्या सोडत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी लंडनच्या मादाम तुसाँ संग्रहालयाने दोघांचे मेणाचे पुतळे राजघराण्याच्या दालनातून हलवले.

जोडप्याच्या निर्णयामागे वृत्तपत्रांशी चाललेला संघर्ष होता. मेगन यांनी वडिलांना लिहिलेले खासगी पत्र छापल्याबद्दल ‘द मेल ऑन संडे’वर २०१९ मध्ये दावा दाखल झाला होता. छायाचित्रकारांच्या पाठलागात १९९७ साली आई डायना गमावलेल्या हॅरींची धास्ती निराधार नव्हती.

लोकमत मात्र दुभंगले. कृष्णवर्णीय आईची मुलगी असलेल्या मेगन यांच्याविषयीच्या लिखाणात वंशद्वेष आहे, असे अनेकांना वाटत होते. ७२ महिला खासदारांनी आधीच मेगन यांना जाहीर पाठिंबा दिला होता. दुसरीकडे, वयोवृद्ध राणीला पुरेसे विश्वासात न घेतल्याचा राग होता. जोडप्याचे निवासस्थान असलेल्या फ्रॉगमोर कॉटेजच्या नूतनीकरणावर सरकारी तिजोरीतून झालेला सुमारे २४ लाख पौंडांचा खर्चही लोकांना खुपला. ही तक्रार रास्त होती आणि हॅरींनी त्याच वर्षी ती रक्कम परत केली.

१३ जानेवारीला राणीच्या सँड्रिंगहॅम येथील निवासस्थानी राजकुटुंबाची बैठक झाली. अर्धवेळ राजकार्य करण्याची जोडप्याची इच्छा मान्य झाली नाही. ३१ मार्च २०२० नंतर दोघांनी ‘हिज’ आणि ‘हर रॉयल हायनेस’ हे किताब वापरणे थांबवले. पत्राच्या खटल्याचा निकाल २०२१ मध्ये मेगन यांच्या बाजूने लागला.