काळ्या पडद्यावरची मराठी

संगणक सुरू केला, बोधचिन्ह चमकून गेले, आणि नेहमीचे रंगीत चित्र येण्याऐवजी नुसता काळा पडदा आला. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आणि तिच्यापुढे लुकलुकणारी रेघ. शाळेत संगणक-खोली असेल तर हा प्रसंग आपण कधी ना कधी पाहिलेला असतो. मग दुरुस्तीवाल्याला फोन जातो आणि ठरलेले उत्तर मिळते : फॉरमॅट मारावा लागेल. पुण्याहून नगरकडे जाताना लागणाऱ्या वाघोलीचे उदाहरण घ्या. हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. तिथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि शेजारच्या खराडीत संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत. संगणकाचा इतका शेजार असूनही अशा गावात उत्तर बहुधा हेच असते!

फॉरमॅट मारला की यंत्र सुरू होते हे खरे. पण त्याबरोबर चकतीवरचे सगळे जाते : नववीचे गुणपत्रक, मुलांनी वर्षभर खपून केलेले प्रकल्प, सहलीचे फोटो. बहुतेक वेळा यातल्या कशालाही धक्का लागलेला नसतो. बिघडलेली असते ती फक्त दर्शनी बाजू. चौकटी, चित्रे आणि बाण दाखवणारी आज्ञावली कोसळलेली असते. तिच्या खालचा संगणक जागा असतो आणि आज्ञेची वाट पाहत असतो. ही खालची पातळी कुठून आली हे पाहायला थोडे मागे जावे लागेल.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू केले, तेव्हा संगणकाशी बोलायचे साधन होते टेलिटाइप, म्हणजे तारयंत्रासारखे चालणारे टंकलेखन यंत्र.  माणसाने टंकलेले आणि संगणकाने दिलेले उत्तर, दोन्ही एकाच कागदी गुंडाळीवर उमटत. त्या काळातले सर्वांत प्रचलित यंत्र, टेलिटाइप ३३, सेकंदाला १० अक्षरे छापी आणि त्याच्या एका ओळीत ७२ अक्षरे मावत. म्हणजे एक ओळ छापायला सात सेकंदांहून अधिक! आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या का, हे यावरून उमगते. यादी दाखव म्हणायला 'एल-एस', नक्कल कर म्हणायला 'सी-पी', जागा बदल म्हणायला 'एम-व्ही'. इतक्या मंद यंत्रावर लांबलचक शब्द कोण टंकत बसणार?

आणखी एक गंमत. काळ्या पडद्यावर संकेतशब्द टंकताना काहीच उमटत नाही, ताराही नाही आणि टिंबही नाही. मुले हमखास म्हणतात, "सर, कळफलक बंद पडलाय!" कळफलक चालूच असतो. कागदावर छापलेला संकेतशब्द कोणाच्याही हाती लागला असता, म्हणून तो मुळी छापायचाच नाही अशी पद्धत पडली. कागद गेला, पद्धत राहिली. लिनक्समधे त्या काळ्या पडद्याचे नाव अजूनही 'टी-टी-वाय' आहे, टेलिटाइपचे लघुरूप.

पुढे कागदाच्या जागी काचेचा पडदा आला. १९८१च्या आयबीएम पीसीवर एका ओळीत ८० अक्षरे आणि अशा २५ ओळी असत. ८० हा आकडा तर १९२८च्या आयबीएमच्या छिद्रपत्रापासून चालत आलेला. आता हा हिशोब मुलांकडून करून घ्या. ८० गुणिले २५ म्हणजे २००० घरे. प्रत्येक घरासाठी दोन बाइट, एक अक्षराचा क्रमांक आणि एक रंगाचा. सगळा पडदा ४००० बाइटांत आटोपला. आता १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा रंगीत पडदा घ्या. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर जवळजवळ ४२ लाख बाइट होतात. म्हणजे हजारपट पसारा, तोही नुसता चित्र धरून ठेवण्यासाठी. ते रंगवायला चित्र-कार्डाची आज्ञावली, खिडक्या सांभाळणारी आज्ञावली, तात्पुरत्या फायली ठेवायला चकतीवर मोकळी जागा हे सगळे आलेच. यातला एक दुवा निखळला की पडदा काळा.

आणि म्हणूनच युनिक्सच्या वंशातल्या प्रणालींनी चित्रमय पडदा कधीच पायात घातला नाही. एमआयटीमधे १९८४ साली जन्मलेली एक्स विंडो ही चित्रप्रणाली युनिक्सवर चालणारी आणखी एक आज्ञावली म्हणूनच आली. लिनक्सने (१९९१) तीच रचना उचलली. मायक्रोसॉफ्टचा प्रवासही आरंभी असाच होता. १९९२च्या विंडोज ३.१ मधे आधी काळा डॉस सुरू होई, आणि 'विन' असे टंकले की मग खिडक्या उघडत. त्या वर्षांत संगणक शिकलेल्या शिक्षकांना आठवत असेल, काळा पडदा हे तेव्हा घर होते आणि विंडोज ही पाहुणी. विंडोज ९५ने घराचा दरवाजा लपवला. पुढच्या पिढीला तो माहीतच राहिला नाही.

लिनक्समधे मात्र दरवाजा उघडा आहे. यंत्र चालू असेल आणि फक्त चित्र गोठले असेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकदम दाबाव्यात. बहुतेक वेळा काळा पडदा येतो आणि नाव विचारतो. परत जायला एफ३ऐवजी एफ१, एफ२ किंवा एफ७. लिनक्सच्या कुळाप्रमाणे हे बदलते. यंत्र चित्राशी येऊनच अडकत असेल तर सुरुवातीलाच त्याला तिकडे जाऊ नको असे सांगता येते. चालू करताना शिफ्ट किंवा एस्केप दाबले की 'ग्रब' नावाची यादी येते. त्यात 'ई' दाबायचे, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची, तिच्या शेवटी एक जागा सोडून ३ हा आकडा लिहायचा, आणि कंट्रोल-एक्स. हा आकडा इंग्रजी हवा; देवनागरी ३ चालत नाही. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो, त्यामुळे भिण्याचे कारण नाही.

३च का? जुन्या युनिक्समधे यंत्राच्या चालू अवस्थांना क्रमांक दिलेले होते. रेड हॅटच्या परंपरेत ३ म्हणजे सर्वांसाठी खुले पण चित्राविना, ५ म्हणजे चित्रासहित. २०१०नंतर पसरलेल्या सिस्टिमडी या व्यवस्थेने क्रमांकांच्या जागी 'मल्टी-यूजर' आणि 'ग्राफिकल' अशी नावे आणली. जुने आकडे तिने बरीच वर्षे ओळखले. अगदी अलीकडच्या आवृत्त्यांत लांब नावच लिहावे लागते.

आत शिरल्यावर पहिली आज्ञा द्यावी 'डी-एफ'. चकतीवर किती जागा उरली ते ती सांगते. चकती शंभर टक्के भरलेली दिसली तर अर्धे निदान झालेच. संकेतशब्द बरोबर देऊनही पुन्हा पुन्हा नाव विचारणारा पडदा येतो, त्याचे हे एक नेहमीचे कारण. काही निरुपयोगी फायली काढल्या की चित्र परत येते. नुकतीच प्रणाली अद्ययावत केली असेल तर संशय चित्र-कार्डाच्या आज्ञावलीवर घ्यावा आणि ग्रबच्या यादीतून जुनी आवृत्ती निवडून पाहावी.

इथवर सगळे सोपे वाटेल. पण आपल्या शाळांपुढे एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. काळ्या पडद्यावर मराठी दिसत नाही. मराठी नावांच्या फायलींची यादी मागवली तर ठोकळे किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. चित्र गेले की त्याबरोबर भाषाही जाते.

याचे कारण त्या २००० घरांत आहे. सगळी घरे एकाच रुंदीची आणि प्रत्येकात एक ठरलेला आकार. आकारांची पेटी पहिल्या पीसीवर २५६ खणांची होती, १९८७च्या व्हीजीएवर फार तर ५१२. आजकाल काळा पडदाही बहुधा ठिपक्यांनीच रंगवला जातो, पण लिनक्समधे खणांचा हिशोब जुनाच राहिला आहे. इंग्रजीला तेवढे पुरून उरतात. मराठीत ३४ व्यंजने धरली तर दोन-दोनच्या जोड्याच ११५६ होतात. सगळ्या वापरात नसतात, पण तीन व्यंजनांची जोडाक्षरेही असतात. शिवाय 'कि' लिहिताना वेलांटी उच्चारात क नंतर आणि पडद्यावर क आधी. 'धर्म'मधला र् तर उडी मारून म च्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणजे क्रमांक पाहिला आणि आकार ठेवला एवढ्याने भागत नाही. शेजारी कोण आहे ते पाहून अक्षर घडवावे लागते.

आणि तरीही एके काळी काळ्या पडद्यावर मराठी दिसत होती. हे पुण्याचे प्रकरण. आयआयटी कानपूरमधे प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या गटाने देवनागरीच्या संगणकीकरणावर बरीच वर्षे काम केले होते. त्यातून 'जिस्ट' हे तंत्र उभे राहिले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, विजय भटकर तिचे पहिले प्रमुख, आणि जिस्टचे काम मोहन तांबे यांच्याबरोबर तिथे आले. सी-डॅक म्हटले की लोकांना १९९१चा परम ८००० हा महासंगणक आठवतो. आमच्या मते शाळेच्या दृष्टीने जिस्टचे मोल अधिक आहे, पण त्याच्या वाट्याला तेवढे कौतुक आले नाही.

जिस्ट-कार्ड हे पीसीच्या आतल्या खाचेत बसवायचे एक पट्ट्यासारखे कार्ड होते. अक्षर घडवण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. आज्ञावलीला कळफलकाकडून फक्त क्रमांक मिळत. वेलांटी मागे घ्यायची की रफार वर चढवायचा हे कार्ड पाही. त्यामुळे डॉसवर चालणाऱ्या इंग्रजी आज्ञावलींतही देवनागरी टंकता येई, त्या आज्ञावलींना न बदलता! यामागची क्रमांकांची पद्धत म्हणजे 'इस्की'. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. पहिले १२८ क्रमांक इंग्रजीचे, उरलेले भारतीय लिप्यांचे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांत 'क' कोणत्याही लिपीत असला तरी क्रमांक एकच. कळफलकाची मांडणीही तशीच, इनस्क्रिप्ट. स्वर डाव्या हाताला, व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला. आपल्या वर्णमालेची तर्कशुद्ध मांडणी पाणिनीच्या परंपरेतली. तिचा इतका चोख उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

मग खिडक्यांचे युग आले आणि कार्डाची गरज संपली. ठिपक्यांच्या पडद्यावर हवे ते अक्षर काढता येते, मग वेगळे कार्ड कशाला? पण मधल्या काळात प्रत्येक उत्पादकाने आपापल्या खणांत आपापले तुकडे भरले. एका फाँटमधे टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य लिपी होई. हा छळ अनेक शिक्षकांनी सोसला आहे. त्यातून सोडवले ते युनिकोडने, आणि युनिकोडमधली भारतीय लिप्यांची मांडणी १९८८च्या इस्कीवरच बेतलेली आहे. विंडोज २०००मधे देवनागरीची सोय झाली, लिनक्सच्या चित्रमय पडद्यावरही त्याच सुमारास. रेड हॅटने २००४ साली मुक्त केलेले 'लोहित' फाँट मूळचे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे.

हे सगळे घडले ते वरच्या मजल्यावर. अक्षर घडवणारी यंत्रणा चित्राच्या बाजूला राहिली, तळमजल्यावर ती पुन्हा सर्रास पोचली नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलाचे चित्र गेले तर सोय जाते; मराठी मुलाची वाचायची भाषाच जाते, तीही नेमकी अडचणीच्या वेळी. यंत्राची घाबरलेली इंग्रजी वाक्ये वाचायचे काम मग शिक्षकांवर येते.

तरी फायली वाचवण्यापुरता मार्ग आहे. पडद्याला दाखवता येत नसले तरी चकतीवर मराठी नाव शाबूत असते. युनिकोडच्या रूढ लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. 'नववी' म्हणजे न, व, व आणि दीर्घ वेलांटी, एकूण बारा बाइट. यंत्राला ते बाइट कळतात, आकाराशी त्याला कर्तव्य नाही. नाव टंकता येत नाही म्हणून अडायचेही कारण नाही : नावाच्या जागी तारका लिहिली की त्या कप्प्यातल्या सगळ्या फायली निवडल्या जातात. पेनड्राइव्ह लावायचा, 'माउंट' या आज्ञेने तो जोडून घ्यायचा (इथे तो आपोआप जोडला जात नाही), आणि 'सी-पी', तारका, पेनड्राइव्हचा पत्ता एवढी एक ओळ द्यायची. आतले उपकप्पेही हवे असतील तर सी-पीपुढे उणे-आर जोडायचे. ठोकळ्यांची यादी जशीच्या तशी पलीकडे जाते. दुसऱ्या यंत्रावर पेनड्राइव्ह उघडला की तिथे स्वच्छ देवनागरीत 'नववी' असते. मग फॉरमॅट मारायचाच असेल तर खुशाल मारावा.