नाण्यांचे छायाचित्रण

नाण्यांचे छायाचित्रण ही निकट-छायाचित्रणाची एक शाखा असून नाण्यावरील अक्षरे, चिन्हे, मुखवटे आणि झीज यांची वाचनीय नोंद करणे हा तिचा मुख्य उद्देश होय. नाणकशास्त्रातील सूची, संग्रहालयांच्या नोंदवह्या, लिलावांच्या पुस्तिका आणि नाण्यांच्या खरेखोटेपणाची तपासणी यांसाठी ती वापरली जाते. नाणे आकाराने लहान, पृष्ठभागाने चकचकीत आणि उठावाने उथळ असते. या तीन गुणधर्मांमुळे सामान्य छायाचित्रणाची साधने येथे अपुरी पडतात.

भारतात १९७२ च्या पुरावशेष व कलासंपदा अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी नेता येत नाहीत आणि त्यांत नाण्यांचाही समावेश होतो. त्यामुळे दूरच्या अभ्यासकापर्यंत बहुधा नाणे पोहोचत नाही, त्याचे चित्र तेवढे पोहोचते. चित्र चुकीचे असेल तर वाचनही चुकते.

पार्श्वभूमी

छायाचित्रांचा वापर ग्रंथांत सुरू झाल्यानंतरही दीर्घकाळ अनेक अभ्यासक मूळ नाण्याऐवजी त्याच्या प्लास्टरच्या ठशाचे छायाचित्र छापत असत. प्लास्टर एकरंगी व निस्तेज असल्याने त्यावर चकाकी येत नाही आणि आकृती स्पष्ट उठते. मात्र धातूचा रंग, कीट, गंज व घासल्याच्या खुणा ठशात उतरत नाहीत. बनावट नाणे ओळखण्यास नेमक्या याच गोष्टी लागतात.

भिंगाची निवड

नवखा संग्राहक बहुधा कॅमेऱ्यापासून विचार सुरू करतो. वास्तविक तो भिंगापासून करावयास हवा. संवेदकावर पडणारी प्रतिमा आणि मूळ वस्तू यांच्या आकारांच्या गुणोत्तरास विशालन म्हणतात. २० मिलिमीटरच्या नाण्याची प्रतिमा संवेदकावर २० मिलिमीटरचीच पडली तर विशालन १:१ होय. मॅक्रो लेन्स या नावास बहुतेक संग्राहक इतक्या क्षमतेचेच भिंग पात्र मानतात.

किती विशालन लागेल याचा हिशेब सोपा आहे. एपीएस-सी प्रकारच्या संवेदकाची उंची सुमारे १५.६ मिलिमीटर, तर फुल-फ्रेम संवेदकाची २४ मिलिमीटर असते. ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचा व्यास ३०.५ मिलिमीटर आहे. त्यामुळे एपीएस-सी कॅमेऱ्यास १:२ एवढे विशालन पुरते. त्याच कॅमेऱ्याने १३ मिलिमीटर व्यासाचे नाणे १:१ विशालनाने टिपल्यास ते चौकटीची उंची जवळजवळ भरून टाकते. दक्षिणेकडील सोन्याचा पणम याहूनही लहान असल्याने त्यासाठी मात्र १:१ च्या पुढे जावे लागते. भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ नळ्या किंवा भाता बसवून हे साधता येते. ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगामागे २५ मिलिमीटरची नळी लावली की विशालनात सुमारे अर्ध्याची भर पडते. जुन्या डार्करूममधील एन्लार्जरचे भिंग भात्यावर बसवून उत्तम काम करणारे हौशी छायाचित्रकारही आहेत. हा मार्ग स्वस्त आहे, फक्त सारे हाताने जुळवावे लागते.

केंद्रांतराची निवड प्रकाशाशी निगडित आहे. १०० मिलिमीटरच्या भिंगाचे तोंड १:१ विशालनाच्या वेळी नाण्यापासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर राहते. ५० ते ६० मिलिमीटरच्या भिंगात हे अंतर बरेच कमी होते आणि भिंगाची सावलीच नाण्यावर पडू लागते. म्हणून ९० ते १०५ मिलिमीटरची भिंगे या कामी अधिक सोयीची ठरतात.

कॅमेरा

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची चौकट सामान्यतः ६००० × ४००० बिंदूंची असते. नाण्याने त्यांतील ३६०० बिंदूंची उंची व्यापली तरी ३०० बिंदू प्रति इंच या दराने एक फूट व्यासाचे मुद्रण मिळते. ग्रंथात छापावयाच्या चित्रास इतके कधीच लागत नाही. त्यामुळे अधिक मेगापिक्सेलसाठी पैसे मोजण्यापेक्षा जुना कॅमेरा व चांगले भिंग घेणे शहाणपणाचे. कॅमेऱ्यात आवश्यक गोष्टी थोड्या आहेत: पडद्यावर प्रतिमा मोठी करून केंद्रण तपासण्याची सोय, छिद्र व वेळ हाताने ठरवता येणे, आणि आरशाचा वा पडदीचा धक्का टाळणारी इलेक्ट्रॉनिक शटरची व्यवस्था.

भ्रमणध्वनीने काढलेली चित्रे ओळखीपुरती चालतात. परंतु त्यातील संगणकीय प्रक्रिया कडा कृत्रिमरीत्या तीक्ष्ण करते आणि झिजलेल्या अक्षरांच्या जागी नसलेल्या रेषा भासू शकतात. शिवराईसारख्या नाण्याच्या बाबतीत हा दोष गंभीर होय. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. त्यांच्या वळणांत व लेखनात अनेक भेद आढळतात, आणि वर्गीकरण त्या भेदांवरच चालते.

मांडणी

कॅमेरा उभ्या स्तंभावर खाली तोंड करून बसवतात. संवेदक व नाणे समांतर आहेत की नाही हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे: नाण्याच्या जागी लहान आरसा ठेवावा, भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या मध्यभागी दिसले की मांडणी बरोबर.

छिद्र फार लहान केल्यास विवर्तनामुळे चित्र मऊ पडते. १:१ विशालनास एफ/८ हे छिद्र प्रत्यक्षात एफ/१६ प्रमाणे वागते, म्हणून एफ/५.६ ते एफ/८ च्या पुढे सहसा जाऊ नये. जाड, वाकड्या नाण्याचा काही भाग त्यामुळे अस्पष्ट राहिला, तर वेगवेगळ्या केंद्रणाची चित्रे संगणकावर एकत्र केली जातात.

प्रकाश

उपकरणांत सर्वांत स्वस्त आणि परिणामात सर्वांत मोठा घटक प्रकाशच होय. मुख्य दिवा नाण्याच्या वरच्या बाजूस, बहुधा डावीकडे ठेवण्याची प्रथा आहे. प्रकाश खालून आल्यास डोळा फसतो आणि उठाव खोलगट भासतो. झिजलेल्या नाण्यास तिरपा प्रकाश मानवतो, तर आरशासारख्या झळाळीच्या नाण्यास अक्षीय प्रकाश. यात भिंग व नाणे यांच्यामध्ये ४५ अंशांत स्वच्छ काच धरून बाजूचा प्रकाश नाण्यावर सरळ खाली वळवतात.

तिरप्या प्रकाशाचे महत्त्व नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या निधीवरून कळते. त्यात क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटवली होती. नव्या ठशाखाली जुना मुखवटा व अक्षरे अंशतः शिल्लक आहेत. सपाट प्रकाशात दोन्ही थर एकमेकांत मिसळतात. दिवा खाली आणून नाणे हळूहळू फिरवले की खालचा थर वेगळा होतो. अशा नाण्याचे एकच चित्र पुरेसे नसते.

रंगासाठी ९० किंवा अधिक वर्णदर्शन निर्देशांकाचे एलईडी दिवे वापरावेत व राखाडी पट्टीवरून श्वेत-संतुलन ठरवावे. खोलीतील इतर दिवे बंद ठेवावेत.

हाताळणी

नाणे कडेने धरावे आणि मऊ कापडावर काम करावे. चित्र उजळ यावे म्हणून नाणे चिंचेने, राखेने वा पॉलिशने घासू नये. घरची तांब्याची भांडी अशी घासण्याची सवय असलेल्यांकडून ही चूक हमखास होते, आणि उडालेले कीट पूर्ववत होत नाही. प्रत्येक चित्रासोबत वजन, व्यास आणि मोजपट्टी यांची नोंद ठेवली जाते. दोन्ही बाजूंची चित्रे एकाच प्रमाणात घेतली जातात आणि ठशांचा परस्परकोन वेगळा लिहिला जातो.