हेक्टिक्स, द

हेक्टिक्स, द : सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेतील मुलांनी १९५८ च्या सुमारास उभा केलेला रॉक अँड रोल बँड. त्यात पाच जण होते. ब्रूस मरे गात असे, डेरिक ब्रांच गिटार वाजवी, फरांग इराणीकडे बास, व्हिक्टरी राणाकडे ड्रम आणि फारूख बलसाराकडे पियानो. यांतला शेवटचा पुढे फ्रेडी मर्क्युरी (१९४६–१९९१) या नावाने क्वीन या ब्रिटिश बँडचा गायक झाला. हेक्टिक्सचे नाव टिकले ते त्याच्यामुळे. मात्र ते ‘फ्रेडीचा शाळेतला बँड’ एवढ्यावरच टिकले, आणि हा अन्याय आहे. बँडचा मुख्य गायक मरे होता. ज्या मुलाचा आवाज पुढे स्टेडियम भरून टाकणार होता, तो येथे पियानोपाशी बसून साथ करत होता.

सेंट पीटर्स ही शाळा १९०२ ची, इंग्लंडमधील निवासी शाळांच्या धर्तीवर चालणारी. मुंबई राज्यातील श्रीमंत आणि मध्यमवर्गीय पारशी, ख्रिस्ती, इराणी कुटुंबांतली मुले तेथे येत, तशीच पूर्व आफ्रिका आणि नेपाळमधूनही येत. बलसारांचे कुटुंब झांझिबारमध्ये राहणारे. फारूखचा जन्म तेथलाच, ५ सप्टेंबर १९४६ चा. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीला धाडण्यात आले. मुंबईकडून आलेल्या मुलांना पुण्यापासून पुढे सातारा रस्त्याने जावे लागे. भोर तालुक्यातील सारोळ्याजवळ नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि शिरवळ लागते. तेथून खंबाटकी घाट, सुरूर, वाई आणि शेवटी पसरणी घाटाची चढण. एवढ्या आत, डोंगरमाथ्यावर, अमेरिकेतली ताजी गाणी पोहोचत कशी, हे समजून घेतल्याशिवाय हा बँड समजत नाही.

ती पोहोचत रेडिओ सिलोनवरून. १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना फारशी जागा उरली नाही, आणि श्रोते सिलोनकडे वळले. महायुद्धात दोस्तांच्या सैन्याच्या नभोवाणीसाठी बसवलेला लघुलहरींचा शक्तिशाली प्रक्षेपक सिलोनला आयताच मिळाला होता; त्यामुळे त्याचा आवाज सह्याद्रीतही स्वच्छ येई. मराठी घरांतून लोक त्यावर बिनाका गीतमाला ऐकत, तर वसतिगृहांतली मुले त्याच केंद्रावरची इंग्रजी गाणी. फारूखबद्दल त्याचे वर्गमित्र एक गोष्ट आवर्जून सांगत : एकदा ऐकलेले गाणे तो पियानोवर जसेच्या तसे काढी. मुख्याध्यापकांनी त्याचा कान ओळखून पालकांना पियानोच्या शिकवणीविषयी कळवले होते. पाश्चात्त्य पद्धतीच्या परीक्षांत तो लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्ही अंगांनी चौथ्या श्रेणीपर्यंत गेला.

बँडकडे विकतची वाद्ये थोडी होती. फरांग इराणीचा बास म्हणजे चहाचे लाकडी खोके. खोके पालथे घालायचे, त्याला काठी लावायची आणि काठीच्या टोकापासून खोक्याच्या मधोमध एक दोरी ताणायची. काठी मागे-पुढे कलवली की दोरीचा ताण बदलतो आणि सूर वरखाली होतो. ही युक्ती ब्रिटनमधल्या स्किफल संगीताची. लॉनी डॉनेगन या गायकामुळे १९५६ नंतर तेथे स्किफलची लाट आली आणि हजारो पोरांनी असेच बँड काढले. लिव्हरपूलमधला जॉन लेननचा क्वॉरीमेन हा त्यांपैकीच एक, आणि त्यातही चहाचे खोकेच वाजे. म्हणजे बीटल्सचे पूर्वरूप आणि पाचगणीचा हा बँड काळाने आणि साधनाने जवळजवळ जुळे ठरतात. हे साम्य चरित्रकारांनी पुरेसे मांडलेले नाही, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

कार्यक्रम शाळेचे समारंभ आणि मेळावे यांत होत. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, लिटल रिचर्ड यांची गाणी ते सादर करत; स्वतःची रचना नव्हती. उपलब्ध छायाचित्रांत पांढरे सदरे, काळे टाय आणि तेलाने चोपडलेले केस दिसतात. शेजारच्या मुलींच्या शाळेतून आलेल्या विद्यार्थिनी आरडाओरडा करून दाद देत, असे सदस्यांनी सांगितले आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हाही बँड चालू होता. १९६२ च्या सुमारास फारूखने पाचगणी सोडली, मुलेही पांगली आणि बँड संपला. ध्वनिमुद्रण एकही नाही.

झांझिबारमध्ये जानेवारी १९६४ मध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टममध्ये आले. इंग्लंडमध्ये तो मॉड तरुणांच्या भराचा काळ होता : शिवून घेतलेले अरुंद सूट, इटालियन स्कूटर आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे रिदम अँड ब्लूज. हू आणि स्मॉल फेसेस हे त्या पिढीचे गाजलेले बँड. न गाजलेल्यांत केंटिश टाउनचा ॲक्शन हा बँड येतो. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांच्या पाच तबकड्या १९६५ ते १९६७ दरम्यान काढल्या आणि एकही खपाच्या यादीत चढली नाही. तरी १९८० मध्ये त्यांचा संग्रह निघाला आणि नवे श्रोते मिळाले. मुद्रित आवाज मागे असेल तर विस्मरणातूनही परत येता येते. हेक्टिक्सला ती संधी नाही, त्यांच्यापाशी केवळ छायाचित्रे आणि आठवणी आहेत. फारूख मात्र ईलिंगच्या कलामहाविद्यालयात शिकला, जेथे त्याच्याआधी हूचा पीट टाउनझेंड शिकून गेला होता. १९६९ मध्ये तो आयबेक्स या बँडचा गायक झाला आणि पुढच्याच वर्षी क्वीन उभा राहिला.

इतरांच्या वाटाही दखल घेण्याजोग्या आहेत. ब्रांच ब्रिटनमध्ये अभिनेता झाला. ‘द ज्युएल इन द क्राउन’ (१९८४) या मालिकेत अहमद कासिम आणि ‘माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट’ (१९८५) या चित्रपटात सलीम या त्याच्या भूमिका. त्याआधी ‘ओन्ली व्हेन आय लाफ’ या विनोदी मालिकेत त्याने रुग्णालयातला कर्मचारी रंगवला. त्या पात्राचे नाव गुप्ते. राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि १९९९–२००० मध्ये सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापती होता. इराणीने पुण्यात बाउंटी सिझलर्स हे उपाहारगृह चालवले. मरे इंग्लंडमध्ये संगीताच्याच क्षेत्रात राहिला.

मुंबईत साठच्या दशकात सॅव्हेजेस, जेट्स असे बीट ग्रुप उभे राहिले, पण त्यांचा हेक्टिक्सशी थेट संबंध जोडता येत नाही. रॉक आणि मराठी रंगभूमी यांचा सांधाही वेगळ्याच वाटेने जुळला, तो नंदू भेंडे यांच्यामुळे. रंगकर्मी आत्माराम आणि आशा भेंडे यांच्या या मुलाने व्हेलवेट फॉगसारख्या बँडमध्ये गायन केले, अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास उभा केला आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुशची भूमिका केली.