बार्शी लाईटची जुनी वाट

रेणापूर गावात रेल्वे कधी आली नाही. या परिसराचा धान्याचा, कापसाचा आणि गळिताचा बाजार लातूरला. त्यामुळे लातूरचे स्टेशन हेच आमचेही स्टेशन. तेथून पश्चिमेकडे हरंगुळ, मुरूड, ढोकी, कसबे तडवळे, येडशी अशी गावे मागे टाकीत एक लहानशी गाडी बार्शीकडे जात असे. लोक तिला प्रेमाने ‘बार्शी लाईट’ म्हणत. ती गाडी आता नाही. मात्र येडशी आणि पांगरी यांच्या दरम्यान, रामलिंग घाटाच्या रानातून जाणारा तिचा जुना मार्ग अद्याप पायी चालणाऱ्याला आपली कथा सांगतो. ती कथा आज वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

या रेल्वेचा जनक एव्हरार्ड काल्थ्रॉप हा इंग्रज अभियंता. १८८२ साली तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मोठ्या रेल्वेचा खर्च न परवडणाऱ्या प्रदेशांना स्वस्त पण भक्कम रेल्वे देता येईल, हा विचार त्याने धरला आणि सोडला नाही. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. इंजिनाचे आणि डब्यांचे वजन सर्व चाकांवर सारखे वाटावयाचे, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, म्हणजे हलके रूळही पुरतात, हे त्याचे सूत्र होते. १८९६ साली लीड्सजवळ न्यूले येथे त्याने याचे जाहीर प्रयोग करून दाखविले. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, कुर्डुवाडी ते बार्शी हा २१ मैलांचा पहिला टप्पा सुरू झाला.

१९०६ साली गाडी पंढरपुरास पोहोचली आणि वारकऱ्यांची मोठी सोय झाली. दुसऱ्या बाजूस ती इंग्रजी मुलुखाची हद्द ओलांडून निजामाच्या राज्यात शिरली, बालाघाटाचा चढ चढली आणि १९११ साली लातूरला आली. १९२७ मध्ये ती मिरजेला जाऊन मिळाली, तेव्हा मार्गाची एकूण लांबी सुमारे २०२ मैल झाली होती. काल्थ्रॉपचे निधनही त्याच वर्षी झाले. १९५४ च्या आरंभी ही कंपनी भारत सरकारने आपल्याकडे घेतली.

या मार्गावरील गावांचा इतिहास रेल्वेपुरता मर्यादित नाही. कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. लहान स्टेशनाचे गाव म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष व्हावे, त्याच गावी माणसाच्या प्रतिष्ठेचा एवढा मोठा विचार मांडला गेला.

आता घाटाकडे वळू. अरुंद रुळांचा गुण असा, की ते थोड्या जागेत वळण घेतात. डोंगराशी भांडत नाहीत, त्याच्या कुशीने जातात. या वाटेने चालताना तो गुण पायांना कळतो. बैलगाडीची वाट मध्येच उभी चढते. रेल्वेची वाट इतक्या बेताने चढते, की आपण उंची गाठली हे मागे वळून पाहिल्यावरच उमगते. हे बेताने चढणे साधण्यासाठी कोठे टेकडी कापावी लागते, कोठे भराव घालावा लागतो. ती माती टोपल्यांनी वाहणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे कंपनीच्या इतिहासात आढळत नाहीत. काल्थ्रॉपचे नाव राहिले, हे योग्यच. पण त्याची रेघ कागदावरून डोंगरावर उतरविणारे हात या मातीतले होते, याचेही स्मरण असावे.

रामलिंग हे शिवाचे जुने ठाणे. रामायणातील जटायूची कथा लोकश्रद्धेने या स्थळाशी जोडली आहे. भोवतालचे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे रान १९९७ पासून अभयारण्य आहे. उन्हाळ्यात ते निष्पर्ण, करडे दिसते. पावसाळ्यात धबधबा वाहू लागतो आणि तेच रान ओळखू येत नाही.

मोठ्या मापाचे रूळ टाकण्याचे ठरले, तेव्हा मार्गही बदलला. जिल्ह्याचे ठिकाण असूनही उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, रेल्वेवाचून राहिले होते. नवा मार्ग त्या शहरावरून नेण्यात आला. २००७ साली लातूर ते उस्मानाबाद आणि २००८ साली पुढचा टप्पा सुरू झाला. एका शहराचा न्याय्य हक्क त्यास मिळाला आणि घाटातील जुनी वाट रानाच्या स्वाधीन झाली. २०११ पर्यंत पंढरपूर-मिरज मार्गही रुंद झाला.

या बदलाचे मोल २०१६ च्या दुष्काळात कळले. लातूर तहानेने व्याकूळ झाले असता एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गानेच लातुरास आली. पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. शंभर वर्षांपूर्वी आखलेल्या दिशेनेच हे जीवन आले, असे म्हणावयास हरकत नाही.

काल्थ्रॉपविषयी आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांस विशेष वाटेल. १९१० साली त्याचा मित्र चार्ल्स रोल्स विमान अपघातात मृत्यू पावला. त्या दुःखातून काल्थ्रॉपने विमानचालकांसाठी हवाई छत्री तयार केली आणि तिला नाव दिले ‘रक्षकदूत’. पहिले महायुद्ध संपत येईपर्यंत ब्रिटिश लष्कराने ती आपल्या वैमानिकांस दिली नाही, हे दुर्दैव.

याच अभियंत्याने इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यात अडीच फुटी रेल्वे बांधली होती. ती १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. तिकडच्या लोकांनी १९३७ मध्ये त्या मार्गाची पाऊलवाट केली. आजही कुटुंबेच्या कुटुंबे तेथे चालावयास येतात. बार्शी लाईट तिच्याहून वयाने वडील, लांबीने कितीतरी मोठी, आणि तिने शतकाहून अधिक काळ लोकांची सेवा केली. वनखात्याचे नियम सांभाळून, झाडांना व प्राण्यांना उपद्रव न देता, घाटातील तिचा तुकडा पाऊलवाट म्हणून जपता येणार नाही काय? दोन-चार माहितीफलक आणि थोडी निगा एवढेच त्यासाठी लागेल.

तोवर कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी एक करावे. ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला, त्यांनी तो मुलानातवंडांना सांगावा, आणि मुलांनी तो लिहून ठेवावा. लोखंड लिलावात जाते, भरावावर गवत उगवते. सांगितलेली आणि लिहिलेली आठवण मात्र पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचते.